जिन्यापुरतं बळ

माझी मुलगी इरा तलवारबाजी शिकते. संध्याकाळी मी तिला आणायला जाते, तेव्हा तलवारी बहुधा पिशव्यांतच असतात. मुली एका पायावर तोल सांभाळत असतात, जड चेंडू छातीशी धरून पुढे झेप घेत असतात. ताकद आधी पायांत यायला हवी, असं त्यांच्या मॅडम सांगतात.

काल भिंतीपाशी मृणाल दिसली. ती या मुलींमधली सगळ्यांत चपळ. गेल्या हिवाळ्यात सामन्यात झेप घेताना तिचा गुडघा फिरला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. आता ती एका पायावर गुडघा वाकवत हळूहळू खाली जायला बघत होती. पाय थरथरला आणि ती मटकन जमिनीवर बसली.

मॅडम तिच्या शेजारी येऊन बसल्या.

"जिना उतरताना दुखतं का गं?"

"हो."

"मग सध्या जिन्यासाठी करू या. तलवारीचं नंतर बघू."

बाकीच्या मुलींच्या बुटांचा आवाज हॉलभर घुमत होता. मला वाटलं, हे वय खरं तर जिना धडाधडा उतरायचं, शेवटच्या पायऱ्या गाळून उडी मारायचं. जिना नावाची काही गोष्ट असते, हे या वयात ध्यानातही येऊ नये.

बऱ्याच वेळाने मृणालने बाहीने डोळे पुसले आणि भिंतीला धरून उठली.

"किती खाली जाऊ?" तिने विचारलं.

"जाववेल तेवढंच," मॅडम म्हणाल्या.