सुट्टी कुठल्या वारी?

बंदराजवळच्या द्रोणागिरीतल्या आमच्या शाळेत त्या नर्सबाई एकदाच आल्या. पालकांशी लसींबद्दल कसं बोलायचं, हे आम्हा शिक्षकांना शिकवायला. नाव विचारायचं राहूनच गेलं; सगळे त्यांना सिस्टर म्हणत होतो.

भाषण नाहीच. ओढणी डोक्यावर घेतली आणि बाई एकदम कुणाची तरी आजी झाल्या. "मास्तर, लशीनं नातीला ताप आला तं कोन बघल? तू येशील काय?"

स्टाफ खो खो हसला. मला हसू येईना. महिन्यापूर्वी ट्रेलर ड्रायव्हर असलेल्या एका पालकाला मी चारचौघांत झापलं होतं, "लेकीची काळजी नाही का?" तिची दहाव्या वर्षीची धनुर्वाताची लस राहिली होती. त्यानंतर तो शाळेकडे फिरकला नव्हता. मी हे सगळं कबूल केलं.

सिस्टर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आता तुम्हीच तो बाप. सांगा दादा, सुट्टी कुठल्या वारी असते?"

"रविवारी," मी चाचरत म्हणालो.

"मग लस शनिवारी घेऊ. ताप आलाच, तर तुम्ही घरी असाल."

इतकं सोपं! मी तिथेच त्या ड्रायव्हरला फोन लावला. आधी माफी मागितली, मग वार विचारला. पलीकडून तो म्हणाला,

"बायको गोडाऊनला, मी गाडीवर, म्हनून राहिलं हो सर. शनिवारी दवाखान्यात आनतो तिला. तुमी याल ना तिथं?"

मी इतक्या जोरात "येतो!" म्हणालो, की शेजारच्या वर्गातली मुलं दारात येऊन उभी राहिली.