बुगडीचा कान

सासूबाईंच्या बुगड्या मी सौदा करून मिळवल्या. लग्नात आहेराला लागणारे टॉवेल, टोप्या आणि ब्लाऊजपीस विकून मी सोलापुरात दुकान उभं केलंय; समोरच्याची गरज मला लांबून दिसते. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा थोरल्या जाऊबाईंना नेमकी माहेरची आठवण आली. डोळ्यांत औषध घालायला आणि बोलणी खायला मीच उरले. मी म्हणाले, "अव्वा, थोरलीला पाटल्या गेल्या, गोठ गेले. बुगड्या माझ्या."

"घे की. पर गड्ड्याच्या आदी घालायच्या. आन् काठ्या परत येस्तवर उतरवायच्या न्हाईत. घरची रीत हाय."

गड्डा म्हणजे आमची संक्रांतीची जत्रा; तिच्यात नंदीध्वजांच्या उंच काठ्या मिरवून परत येईपर्यंत सुनेनं नवा दागिना काढायचा नाही, ही रीत. जाऊबाईंच्या वेळी ती पाटल्यांवर पाळली गेली. पाटल्यांनी कुणाचा हात सडत नाही.

सराफाच्या दुकानात कानांच्या वरच्या कडेला बंदुकीनं भोकं पाडली आणि भोकं ओली असतानाच बुगड्या चढवल्या. डावा कान निभावला. उजवा तव्यासारखा तापला, सुजून पुढे आला. खालची पाळी मात्र जशीच्या तशी.

कानाचे डॉक्टर आमच्या दुकानाचे जुने गिऱ्हाईक; त्यांनी लांबूनच पाहिलं. "आत्ताच्या आत्ता काढा."

"काठ्या परत आल्या की काढते. तोवर गोळ्या द्या, भारीतल्या."

"पाळी का सुजली नाही? तिथं कूर्चा, म्हणजे मऊ हाड, नाही. वरच्या भागात आहे. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. वरच्या पातळ आवरणातून झिरपेल तेवढ्यावर ती जगते. पू झाला की आवरण सुटतं आणि ती उपाशी मरते. गोळीचं औषध रक्तातून जातं, आणि तिच्या आत रक्तच जात नाही."

"मग नव्या रक्तवाहिन्या फुटतील की. जखम भरून येतेच ना?"

"बाकीच्या अंगात फुटतात. कूर्चा त्यांना आत शिरू देत नाही. तिचा स्वभावच तो. मरायला टेकली तरी आत घेत नाही."

ते कूर्चेबद्दल बोलत होते, मला आमचं स्वयंपाकघर दिसत होतं.

"दोन दिवस तरी," मी म्हणाले.

"बाई, मी टॉवेल विकत नाही."

मी दार आपटून निघाले.

घरी सासूबाई तीळ निवडत होत्या. मी डॉक्टरांचं सगळं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही. "काढ की. कोन नगं म्हनतंय? काढलीस की थोरलीच्या हातावर ठेव."

जाऊबाईंनी हात पुढे केला नाही, पण पदराला पुसून ठेवला.

नवरा खोलीत म्हणाला, "काय ऐकतीस आईचं? काढून टाक." हेच तो बाहेर, आईसमोर, म्हणाला नाही.

मी काढली नाही. हातातली वस्तू कुणी ओढायला लागलं की ती सोडणं मला जमत नाही, आणि हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मिरवणुकीच्या गर्दीत कुणाचं तरी कोपर कानाला लागलं आणि मी रस्त्यातच बसले. सासूबाई वाकून म्हणाल्या, "उट, लोक बगत्यात."

काठ्या परतल्या, बुगडी उतरली, तोवर कानात पूच पू होता. मेलेली कूर्चा डॉक्टरांनी खरवडून काढली. पट्टी सुटली तेव्हा कानाचा वरचा भाग सुकलेल्या अंजिरासारखा मिटलेला होता. भोक पाडायला आता तिथं कडच नाही.

त्याच संध्याकाळी सासूबाई आल्या. "एकाच कानात घालून हिंडनार व्हय? नातीचं जमत आलंय. तिला दे जोडी."

"कान द्या, बुगड्या न्या."

"माज्यामुळं गेला का कान? तुज्या हावरेपनानं गेला."

नवरा चप्पल शोधत होता.

पुढच्या आठवड्यात त्यांनी नातीलाच पाठवलं. जाऊबाईंची लेक, कॉलेजातली, गोड बोलणारी. "काकू, आजी म्हणाली, बुगड्या तुला काकू देईल."

"देते की. इकडं ये."

मी केस मागे सारले, तिची बोटं धरली आणि कानावरून फिरवली. गाठ, खळगा, पुन्हा गाठ. ती हात ओढायला लागली, मी सोडला नाही. "नीट बघ. इथंच भोक पाडतात. आजीला सांग, पुढच्या गड्ड्याच्या आधी पाडून घेते म्हणून."

ती रडत खाली पळाली. खाली आधी सासूबाईंचा आवाज चढला, मग जाऊबाईंचा, आणि त्या दोघींच्या वर पोरीचा: "मला नको बुगडी! माझ्या कानाला कुणी हात लावायचा नाही!"

मी बुगड्या कपाटात टाकल्या, कुलूप लावलं आणि दुकान उघडायला गेले.