तीन बटणं खरी

टेलरबाईंच्या दुकानात नवीन गिऱ्हाईक आलं की टेप हातात घ्यायच्या आधी त्या विचारतात, "बाहीत आधी कुठला हात जातो? आणि घालतं कोण?" शर्ट शिवायला आलेल्याला असं कोण विचारतं? पण ज्याच्या घरात कुणी अंथरुणाला खिळलंय, त्याला प्रश्न लगेच कळतो. दुखरा हात आधी, धड हात नंतर. घालणारी बहुतेक वेळा बायको, सून नाहीतर मुलगी.

वीस वर्षं त्यांनी शाळेचे गणवेश शिवले. मग सासूबाईंना पक्षाघात झाला आणि गाऊन डोक्यावरून चढवता चढवता दोघींच्याही नाकीनऊ आले. एके दिवशी टेलरबाईंनी गाऊन पाठीवर उभा कापला, दोन्ही कडांना वीतभर जादा कापड जोडलं आणि खांद्यांवर टिचबटणं लावली. पुढून हात घालायचे, मागे एक बाजू दुसरीवर ओढायची, झालं. "एवढी शिलाई शिकलीस ती फाडायलाच का?" असं सासूबाई म्हणाल्या खऱ्या, पण तो गाऊन त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंनी तो पाहिला आणि आणखी चार घरांत सांगितलं. आता दुकानातलं निम्मं काम तेच.

एक काकू आल्या तेव्हा त्यांना बाहीचा प्रश्न विचारावाच लागला नाही. त्यांनी बसल्याबसल्या सगळं सांगितलं. यजमान वजनमाप खात्यात निरीक्षक होते, अजूनही सगळे त्यांना साहेबच म्हणतात. आठ महिन्यांपूर्वी उजवी बाजू गेली. ज्येष्ठांच्या दिवसकेंद्राची गाडी साडेनऊला दारात येते आणि पाच मिनिटं थांबते. महिन्यात तीन वेळा चुकली की जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. या महिन्यात एकदा चुकली होती.

"ते केंद्रात असले की पाच तास मिळतात. मी त्यात काही करत नाही. झोपते."

टेलरबाईंनी तीन दिवसांत शर्ट दिला. पाठीकडून उघडा, पुढून थेट ऑफिसचा शर्ट. सहाच्या सहा बटणं बंद पट्टीवर नुसती शोभेला टाचलेली. अशा शर्टाबद्दल आजवर एकही तक्रार नव्हती.

दुसऱ्या दिवशी दहाला काकू दुकानात हजर. शर्टाची वरची दोन बटणं तुटलेली, पट्टी फाटलेली.

"तीन मिनिटांत घातला हो मी! मग यांनी बटण सोडायला घेतलं. सुटेना. ओढलं. म्हणाले, बोलाव त्या बाईला, पंचनामा करतो. गाडी गेली."

आता आणखी एकदा चुकली की जागा गेली. टेलरबाईंनी शटर ओढलं आणि त्यांच्याबरोबर निघाल्या.

साहेब खिडकीजवळ खुर्चीत बनियनवर बसले होते. उजवा हात उशीवर. बोलणं सावकाश, पण शब्द न् शब्द स्पष्ट.

"खोट्या बटणांच्या बाई त्या तुम्हीच?"

"मीच."

"चौतीस वर्षं मी हेच पकडलं. तळाला मेण लावलेली मापं. काट्याखाली चिकटवलेलं शिसं. आणि आता माझ्याच छातीवर?"

"मग दुकानाला सील ठोका."

"ठोकलं असतं. हात चालत नाही म्हणून वाचलात."

काकू दारातून म्हणाल्या, "अहो, त्या मदतीला आल्यात."

"तोही असंच म्हणायचा, मेणवाला."

टेलरबाईंनी साहेबांचा जुना शर्ट मागितला, काकूंच्या मदतीने त्यांना घातला आणि बघत बसल्या. साहेब डाव्या हाताने वरचं बटण काजाकडे नेऊ लागले. ते निसटलं. पुन्हा नेलं. काकूंचा हात पुढे झाला, तो त्यांनी न बघता बाजूला सारला. एका बटणाला साडेचार मिनिटं. सहाचा हिशोब टेलरबाईंनी मनातल्या मनात केला. सकाळ कुठे जाते, ते त्यांना दिसलं. हात कुठला आणि घालणारं कोण, एवढंच त्या विचारत आल्या होत्या. घालून घेणारा स्वतः काय करतो, हे कुणालाच विचारलं नव्हतं.

"साहेब, दोन खरी ठेवते. काज मोठं, आडवं. बटण जाड, दोऱ्याच्या देठावर उचललेलं. बोटात धरता येईल."

"सहा."

"सहा बटणं लावेपर्यंत गाडी थांबत नाही."

"चार."

"अहो, हा काय भाजीबाजार आहे?" काकू म्हणाल्या.

"तू मध्ये बोलू नकोस. तीन. तिसरं मी गाडीत लावीन."

"ठीक. बाकीची तीन टाचलेलीच राहणार," टेलरबाई म्हणाल्या.

साहेब म्हणाले, "खोटं असेल तर तसं जाहीर केलेलं पाहिजे. नियम आहे."

टेलरबाईंनी पिशवीतून लाल दोऱ्याचं रीळ काढलं. "खोटी लाल दोऱ्याने टाचते. लांबून दिसेल."

"चालेल."

काकू हळूच पुटपुटल्या, "पांढऱ्या शर्टावर लाल!" पण दोघांनीही ते कानाआड केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊला टेलरबाई नवा शर्ट घेऊन स्वतः गेल्या. दुखरा हात, धड हात, मागची बाजू, टिचबटणं. अडीच मिनिटं. मग दोघी थांबल्या. पहिलं बटण तीन मिनिटांत लागलं. दुसऱ्याला सहा लागली, कारण मध्ये साहेब काजाची शिलाई तपासत बसले. गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा ते चाकाच्या खुर्चीत बसून उंबऱ्यापर्यंत पोचले होते.

"साहेब, एक बटण उघडंच आहे," ड्रायव्हर म्हणाला आणि हात पुढे केला.

"खबरदार," साहेब म्हणाले.

गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत डाव्या हाताचं कोपर काचेला लागून हलताना दिसत होतं. काकूंनी हात हलवला नाही. त्या दाराला टेकून उभ्या होत्या.

"चहा टाकते. बसा ना."

"नको, काकू. तुम्ही आत जा," टेलरबाई म्हणाल्या. "पाच तासांतली पाच मिनिटं गेली."

काकूंनी दार लावून घेतलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला, मग काहीच नाही.