आठ फुटांच्या वरचं पाणी

टाकीच्या भिंतीला ते कधी तळहात लावत नसत. हात उलटा करून बोटांची मागची बाजू टेकवत, आई तापलेल्या लेकराच्या गळ्याला लावते तशी. थोडा वेळ डोळे मिटून उभे राहत आणि म्हणत, "थोरली आज बरी हाय." कधी काहीच न बोलता टेकडी उतरू लागत. बोलले नाहीत, की समजावं, बरी नाही.

हे आमच्या म्युनिसिपालिटीचे पाण्याचे मिस्त्री. पगारपत्रकावर त्यांचं नाव असेलच, पण गावात ते कोणी घेत नसे. थोरली म्हणजे टेकडीवरची दगडी टाकी. कृष्णेच्या काठचं इंजिन पाणी उपसून तिच्यात चढवी आणि तिथून ते नळांनी गावभर उतरे. कोणत्या पेठेला केव्हा पाणी सोडायचं त्याची लोखंडी चावी मिस्त्रींच्या खांद्यावर असे. ती त्यांच्या छातीइतकी उंच होती. तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. गाव रोज त्याच्या हातचं पाणी पितं, आणि त्याची आठवण काढतं ती फक्त पाणी आलं नाही त्या दिवशी.

ते मूळचे आटपाडीकडचे. पहिल्या लढाईत पलटणीबरोबर बसऱ्याला गेले, तिथे छावणीला पाणी पुरवायचं काम शिकले, आणि परत आले ते आमच्या गावी चिकटले. नळाखाली कोणी म्हैस धुताना दिसलं की लांबूनच ओरडत, "आवं पाटील, आमच्याकडं एवढ्या पाण्यात लगीन उरकत्यात!" पाटील हसत. म्हैसही तशीच उभी राही.

एकदा पाणी कमिटीनं ठराव केला. सातही पेठांना सकाळी सहा ते सात, एकाच वेळी, समान पाणी मिळावं. कमिटीतले सात मेंबर सात पेठांतून निवडून आलेले; समान या शब्दाला विरोध कोण करणार? मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी सहाला सातही पेठांचं पाणी सोडलं. सात वाजेपर्यंत एकाही नळाची धार करंगळीहून जाड झाली नाही, आणि कुणाची घागर भरली नाही. चेअरमन वकील होते. ते तणतणत टेकडी चढून आले.

"मिस्त्री, ठराव वाचला नाही का तुम्ही?"

"मी वाचून काय करू, सायेब? ठराव पाण्याला वाचून दाखवा."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. पुढे गावात पोरंसोरंसुद्धा ते बोलू लागली. वकीलसाहेब मात्र ते विसरले नाहीत.

माझा त्यांच्याशी संबंध आला तो भांडायला. आमची आळी नळाच्या शेवटच्या टोकाला. टाकी पुरती भरलेली असली तरच पाणी आमच्यापर्यंत रेटा धरून यायचं. स्वातंत्र्याच्या आधीच्या उन्हाळ्यात ते येईनासं झालं. आई पहाटे घागर घेऊन रांगेत बसायची आणि उन्हं वर आली की अर्धी घागर घेऊन परतायची. मी बेचाळीसात सायकलीच्या सीटखाली पत्रकं लपवून शिराळ्यापर्यंत पोचवलेली. सरकार नावाची गोष्ट लोकांचं पाणी, मीठ, धान्य अडवते हे मला पाठ होतं. म्युनिसिपालिटी लोकांनी निवडलेली, टाकी लोकांच्या पैशाची, तरी पाणी नाही, म्हणजे कुणीतरी अडवतंय. मी टेकडी चढलो.

मिस्त्री टाकीच्या खालच्या अंगाला, भिंतीपाशी उकिडवे बसले होते. मी तावातावानं विचारलं, "टाकी का भरत नाही?"

"आठ फुटांवर भरायची न्हाई."

"कुणाचा हुकूम?"

"ये, दावतो."

भिंतीत एक भेग होती. जमिनीपासून आठ फुटांवर सुरू होऊन तिरकी वर गेलेली, केसाएवढी. तिच्यावर आडव्या काचेच्या पट्ट्या चुन्यात बसवल्या होत्या, प्रत्येकीवर शाईनं तिथी. गावात देवांच्या तसबिरींना काच बसवणारा एक कारागीर होता, त्याच्याकडचे तुकडे. त्यानं विचारलं होतं म्हणे, "मिस्त्री, कुठला देव मढवताय?" हे म्हणाले, "मढवत न्हाई बाबा, थोरलीला चष्मा लावतोय."

"भिंत हालली तर माणसाला दिसत न्हाई," ते मला म्हणाले, "काचंला कळतं. पाणी आठ फूट असलं की काच गप बसती. नऊ केलं, की हे बघ." एका पट्टीवर बोट ठेवलं. ती मधोमध तडकली होती. दुसरी तशीच. तिसरी तशीच.

मग त्यांनी मान वळवून खाली पाहिलं. टाकीच्या पायथ्याला खाणीवर दगड फोडणाऱ्यांची वस्ती होती, तीसचाळीस झोपड्या, पत्रा आणि पाचटाच्या. एक बाई चूल फुंकत होती. धूर सरळ वर आमच्यापर्यंत येत होता.

"तुझ्या आळीला पाणी पायजे, खरं हाय तुझं. ह्यांना जित्तं ऱ्हायचं हाय, त्यांचंबी खरं हाय. माझ्याकडं टाकी एकच."

"मग भिंत बांधा नवी."

"बांधू की. पाणीपट्टी वाढवाया लागंल. म्होरल्या साली इलेक्शन हाय. कोण मेंबर हात वर करतंय सांग."

ते फुटलेल्या काचा रुमालात बांधून दर महिन्याला कचेरीत नेऊन ठेवत. कारकून त्या फायलीला टाचता येत नाहीत म्हणून खिडकीत ठेवी. साताऱ्याहून इंजिनिअर यायचा होता. तो येणार होता, हे दोन वर्षं ठरलेलंच होतं.

आज मी हे सगळं नीट सांगतोय, पण तेव्हा मी ते ऐकलं नाही. मला ऐकू आलं ते एवढंच, की नोकरशाहीला कारण लागतं आणि इथे कारणाला काच लावली आहे. घरी येऊन मी पत्रक लिहिलं. 'पाणी लोकांचं, चावी कुणाच्या खिशात?' मेणकागदावर माझ्या अक्षरात लिहून हातानं चालवायच्या छापयंत्रावर पाचशे प्रती काढल्या. त्यात मिस्त्रींना मी 'टेकडीवरचा संस्थानिक' म्हटलं होतं. चौकात ते वाचलं गेलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो शब्द तेव्हा मला फार आवडला होता.

आठ दिवसांत पाणी कमिटीची सभा लागली. आमच्या आळीतली सगळी माणसं कचेरीच्या ओट्यावर, खिडक्यांत, दारात. मी दारातच होतो. मिस्त्री टेबलापाशी उभे, हातात रुमाल.

वकीलसाहेबांनी विचारलं, "भेग धोक्याची आहे असं इंजिनिअरनं लिहून दिलंय?"

"न्हाई."

"मग कुणी सांगितलं तुम्हाला?"

"काचंनं."

सभा हसली. ओट्यावरची माणसं हसली. मीही हसलो.

एक मेंबर म्हणाले, "वरून गिलावा करून घ्या झकास. लोकांचं समाधान होईल." दुसरे म्हणाले, "लोकांची मागणी आहे, आपण लोकांचे सेवक." मग ठराव मांडला गेला, की सदर भेग धोकादायक नसून टाकी पूर्ण बारा फूट भरण्यात यावी. मतं घेतली. पाच विरुद्ध दोन मतांनी भेग धोक्याची नाही असं ठरलं. विरुद्ध गेलेले दोघे भेगेच्या बाजूचे होते असं समजू नका. तो ठराव आपल्या नावानं मांडला जावा अशी त्यांची इच्छा होती, एवढंच.

"वाचून दाखवला ठराव तुम्हाला," वकीलसाहेब मिस्त्रींकडे बघून हसत म्हणाले.

"मला दावला," मिस्त्री म्हणाले. "आता वर जाऊन तिला दावा."

त्यांनी चावी टेबलावर आडवी ठेवली. टेबलाच्या दोन्ही बाजूंनी ती बाहेर आली. कुणी तिला हात लावला नाही. मी टाळ्या वाजवल्या, मग आळीनं वाजवल्या.

जाताना ते दारात माझ्यापाशी थांबले. "पत्रक तूच लिवलंस न्हवं? अक्षर लय झ्याक हाय गड्या. एक कर. खालच्या वस्तीतबी वाट."

मी म्हणालो, "त्यांना वाचता येत नाही."

"व्हय," ते म्हणाले. "म्हणून तर मी चाललोय सांगाया."

खरंच गेले. महिनाभर रोज संध्याकाळी वस्तीत जाऊन बसत. बिऱ्हाडं हलवा म्हणत, नदीकडच्या माळावर जागा आहे म्हणत. दगड फोडणारी माणसं त्यांना चहा देत आणि थट्टा करत. एक म्हातारा म्हणाला, "मिस्त्री, थोरली थोरली करता, ती तुमची सासू का आमची?" सगळे खदखदले. मिस्त्रीही हसले. मग म्हणाले, "माझी असती तर मी कवाच पळालो असतो." पण कुणी हललं नाही. खाण इथे, मुकादम इथे. माळावर जाऊन खाणार काय? शेवटी मिस्त्रींनी एका वळकटीत संसार बांधला आणि ते आटपाडीच्या मोटारीत बसले. पोचवायला कुणी गेलं नाही.

टाकीला गिलावा झाला, वर चुना मारला. दिवाळीच्या घरासारखी पांढरी शुभ्र टाकी गावातून कुठूनही दिसू लागली. नवा चावीवाला आला, बारा फूट पाणी भरलं. आमच्या नळाला मनगटाएवढी धार आली. आई दोन घागरी भरून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "लय पुण्य केलंस बाबा." तेव्हा ते मला गोड लागलं.

पुढच्या चैत्रात, स्वातंत्र्य येऊन आठ महिने झाले होते, मी सहज टेकडीवर गेलो. पांढऱ्या गिलाव्यावर एक बारीक काळी रेघ उमटली होती. आठ फुटांवर सुरू होऊन तिरकी वर गेलेली. आता काच नव्हती, तरी मला दिसत होती. नवा चावीवाला म्हणाला, "गिलाव्याला तडे जातातच. आणि आपल्याकडे ठराव आहे."

मी कचेरीत अर्ज दिला. अर्ज विचाराधीन आहे असं उत्तर आलं. दुसरा दिला, तेच उत्तर आलं, फक्त तारीख वेगळी. मग मी ठरवलं, मिस्त्रींनाच आणायचं, सभेपुढे उभं करायचं, आणि यावेळी दारात माझ्या टाळ्या नसतील.

आटपाडीपासून तीन कोस चालून त्यांच्या गावी पोचलो. घर त्यांच्या बहिणीचं. अंगणात रांजण होता, त्यावर फडकं बांधलेलं. बहिणीनं मला एक तांब्या पाणी दिलं आणि मी ते पिऊन झाल्यावर तांब्या परत घेतला.

"संक्रांतीच्या आधी गेला," ती म्हणाली. "छातीत कफ झाला हुता. शेवटाला सारखं इचारायचा, तिकडं किती फूट हाय? मला काय ठावं? मी म्हणायची, आठ. मग निजायचा."

परत येऊन मी दुसरं पत्रक लिहिलं. पहिल्यापेक्षा चांगलं. एकाही माणसाला संस्थानिक म्हटलं नाही. टाकी आठ फुटांवर आणा, वस्ती हलवा, पाणीपट्टी वाढवून भिंत बांधा, एवढंच. वाटायला आमच्याच आळीपासून सुरुवात केली. शेजारच्या काकूंनी ते मुलाकडून वाचून घेतलं आणि माझ्यापुढे आणून धरलं.

"म्हंजे आमचं पाणी तोडायचं म्हणतोस व्हय रं? तूच?"

"काकू, खाली माणसं आहेत."

"आन् आमी कोण हाय?"

मी पत्रकं काखेत मारून पुढच्या दाराकडे वळलो. तेच पत्रक चौकात कुणी वाचलं नाही. वकीलसाहेब पुन्हा निवडून आले. त्यांच्या जाहीरनाम्यात पहिल्या ओळीत होतं, 'टाकी भरून दाखवली.'

मग मी मिस्त्रींसारखा वस्तीत जाऊ लागलो. मला त्यांच्यासारखं बोलता येत नाही. माणसं मला चहा देतात आणि मी गेल्यावर हसत असावीत.

परवा ऐन वैशाखात गेलो होतो. टेकडी सगळी करपलेली, खाणीची धूळ तोंडात येत होती. टाकीच्या पायथ्याशी मात्र एक हिरवागार पट्टा दिसला. खोलीभर लांब, गुडघाभर उंच, लुसलुशीत गवत. एक म्हातारी तिथे शेळी चारत बसली होती. खाली बसून मी गवतात हात घातला. माती गार होती. बोटं ओली झाली.

"कधीपासून उगवतंय हे, आजी?"

"संक्रांतीपास्नं," ती कौतुकानं म्हणाली. "तवा हातभर लांब हुतं. आता बघ की कुठवर आलंय. देवाची किरपा! माझ्या झोपडीच्या दारापातूर आलं, की शेळी खुट्याला बांधूनच चारीन."