लेकीला परत आणायला आयर्लंडला

मुलुंडहून आयर्लंडला गेले ती हिरवी कुरणं बघायला नाही, हे आधीच सांगून टाकते. कुरणं आहेत, मेंढ्या आहेत, दगडी बांध आहेत, आणि त्यांचे फोटो माझ्यापेक्षा चांगले काढणारे पुष्कळ आहेत. मी गेले होते माझ्या सायलीला परत आणायला. ती तिथल्या एका लहान गावात, वृद्धाश्रमात नर्स आहे. नोकरीचा करार संपत आला होता आणि पुढे काय करायचं ते ठरलं नाही, असं फोनवर म्हणायची. तिचे बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. मी स्वतः चेंबूरच्या एका बालिकाश्रमात वाढले, आईवडील कोण ते ठाऊक नाही. त्यामुळे रक्ताचं म्हणावं असं मला जगात हे एकच माणूस आहे.

निघताना शेजारच्या सावंतकाकूंनी माझ्या हातात कोकमाची पिशवी कोंबली आणि बजावलं, "चेडवाक घेवनच ये गो. म्हातारपणी तुका कोण आसा?" मी हो म्हटलं. लेकीला घेऊनच यायचं, मनात तेच होतं.

जायचा विचार असेल त्यांच्यासाठी: युरोपचा शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही, आयर्लंडचा वेगळा काढावा लागतो आणि तो यायला वेळ लागतो. थेट विमान नाही. मध्ये आखातात एक लांबलचक थांबा घ्यावा लागतो, तिथे माझ्या गुडघ्यांनी संप पुकारला. डब्लिनहून बस चांगल्या आहेत, वेळेवर सुटतात. छत्री नेऊ नका. माझी पहिल्याच दिवशी वाऱ्याने उलटवली, आणि बसस्टॉपवरची माणसं ओळखीचं हसली. टोपी असलेलं जाकीट घ्या.

पहिले काही दिवस सायली ड्यूटीवर आणि मी तिच्या खोलीत. खोली नीटनेटकी, खिडकीत पुदिन्याची कुंडी, फ्रिजमध्ये माझ्यासाठी आणून ठेवलेलं दही. बाहेरचं जेवण महाग आहे, घरी स्वयंपाक करता आला तर करा. सूप आणि ब्रेड मात्र कुठेही बरं मिळतं. मी गावातून चक्कर मारायचे, दमायचे, चर्चच्या भिंतीशी टेकायचे. संध्याकाळी ती घरी आली की जेवताना विषय काढायचा असं ठरवायचे आणि काढायचे नाही. आश्रमात वाढलेल्या माणसाला मागायची सवय नसते. वाढलं ते खायचं आणि ताट उचलायचं.

तिच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "आई, इथे एक जागा आहे. तुला दाखवू की नको, मला कळत नाहीये."

"जेलबिल आहे का?"

"जवळजवळ. वर्कहाउस. दुष्काळात गरिबांना ठेवायचे ना, तिथे."

"चल. घरात बसून तरी काय करतेय मी?"

बसने दीड-एक तास लागतो. गावाबाहेर करड्या दगडांची उंच इमारत, लहान लहान खिडक्या. आत हीटर नाही, स्वेटर ठेवा. गाईड साठीच्या एक बाई होत्या. त्यांचं इंग्रजी माझ्या कानात शिरेना, म्हणून सायली हळू आवाजात मराठी करून सांगत होती. बटाट्यावर रोग पडला, पीक शेतातच कुजलं आणि लोक उपाशी मरायला लागले. मग नाइलाजाने इथे यायचे. दारातच घर मोडायचं: बाप्ये एकीकडे, बायका दुसरीकडे, मुलं तिसरीकडे. स्वतःचे कपडे काढून घेऊन सगळ्यांना एकसारखे द्यायचे. खायला मक्याच्या पिठाची पेज. वरच्या मजल्यावर झोपायच्या फळ्या होत्या, त्यावर पेंढा. मी एका फळीवरून हात फिरवून बघितला. आश्रमात आम्हाला निदान सतरंजी होती.

शेवटच्या दालनात एक लाकडी पेटी ठेवली होती. वर्कहाउसमधल्या आईबाप नसलेल्या मुलींना, चौदा-पंधरा वर्षांपासून पुढच्या, निवडून जहाजाने ऑस्ट्रेलियाला पाठवायचे. तिकडे घरकामाला मोलकरणी हव्या होत्या आणि लग्नाला बायका. धडधाकट मुलगी बघायची, घरकाम येतं का विचारायचं, आणि अशी एक पेटी द्यायची. आत कपडे, बूट, कंगवा, सुई-दोरा, बायबल. जहाजावर तीन-चार महिने काढायचे. परत येणं जवळजवळ कुणाच्याच नशिबी नव्हतं.

मी त्या पेटीपुढून हलेना. आमच्या आश्रमात रविवारी मुलाकडचे यायचे. एकेकीने चहा घेऊन जायचं. पसंत पडली की लग्न, आणि आश्रमाकडून एक पत्र्याची ट्रंक: साड्या, डबे, वाटी-चमचे. मला नवरा चांगला मिळाला, तक्रार नाही. पण आमच्याकडे एक कडक नियम होता, पाठवणीला रडायचं नाही. जाणारीनेही नाही आणि राहणाऱ्यांनीही नाही. एक रडली की पुढच्या रविवारी बाकीच्या चहा घेऊन जायला घाबरतात, असं आश्रम सांभाळणाऱ्या मोठ्या ताई म्हणायच्या. सगळ्या मुली ओळीने उभ्या राहून हसायच्या आणि जाणारी हसत रिक्षात बसायची.

"विचार गं त्यांना," मी सायलीला म्हटलं, "या पोरींना निरोप द्यायला कुणी यायचं का?"

तिने विचारलं. बाईंनी माझ्याकडे बघून सावकाश उत्तर दिलं.

"त्या म्हणतायत, येणार कोण? कुणी असतं तर त्या इथे असत्या का?"

बाहेर भिंतीच्या आडोशाला बाक होतं. सायलीने थर्मासमधला चहा ओतला. मी प्रवासाने, थंडीने आणि इतके दिवस तोंड मिटून बसल्याने पार थकून गेले होते. चहा हातात तसाच ठेवून म्हटलं, "सायली, परत ये. मला एकटीला होत नाही आता. तू हवीयेस मला."

तिने थर्मासचं झाकण लावलं. मग म्हणाली, "आई, मी नवा करार केलाय. तू यायच्या आधीच. सांगायची हिंमत होत नव्हती."

"वाटलंच होतं मला." खरंच वाटलं होतं. ती पुदिन्याची कुंडी बघितली तेव्हाच.

"मग विचारलंस कशाला?"

"मी ट्रंक घेऊन निघाले ना, तेव्हा 'जाऊ नकोस' असं एक माणूस म्हणालं नाही मला. जायचं तर होतंच. पण कुणीतरी म्हणायला हवं होतं."

तिने कप खाली ठेवला. "मी इकडे यायला निघाले तेव्हा एअरपोर्टवर तू नुसती हसत होतीस. जा, मागे बघू नकोस म्हणालीस. मला वाटलं, सुटली एकदाची आई."

"अगं, आम्हाला तसंच शिकवलंय."

मग ती रडायला लागली आणि मीही. गाईडबाई दारातून डोकावल्या आणि परत आत गेल्या. परतीची बस आमची चुकली. पुढची बरीच उशिरा होती, तेव्हा तिथे जाणार असाल तर वेळापत्रक आधी बघून ठेवा.

निघायच्या दिवशी डब्लिनच्या विमानतळावर मी सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडले. सुरक्षा तपासणीतल्या माणसाने विचारलं, बरं वाटत नाही का? सायलीने लांबूनच ओरडून सांगितलं, बरं आहे तिला.

मुलुंडला घरी आले तेव्हा सावंतकाकू दारातच होत्या. माझ्यामागे कुणी नाही हे बघून आत गेल्या आणि भात-आमटी घेऊन आल्या. सोसायटीची लिफ्ट बंद, गुडघे तसेच. घर होतं तितकंच रिकामं आहे, आणि तसं नाही असं म्हणण्यात अर्थ नाही. दुखलं तर कुणाला हाक मारायची हा प्रश्न गेले तेव्हा होता तसाच आहे.

परवा फोनवर मी विचारलं, "कधी येतेस परत?"

"नाही येत गं."

"बरं. पुढच्या रविवारी पुन्हा विचारीन."

ती हसली. "विचार हं आई," ती म्हणाली. "मी नाही म्हटलं तरी विचार."