गाडीचं तोंड वाऱ्याकडे

आमच्या ड्रायव्हरचा एक नियम होता. ज्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजते, तेच पाणी गाडीला घालायचं. तो बाभुळगावजवळच्या बंजारा तांड्यावरचा. इंजिनाभोवती फिरणारं पाणी तापून रेडिएटरमध्ये येतं, तिथल्या बारीक नळ्यांतून उतरताना पंख्याच्या वाऱ्यानं निवतं आणि पुन्हा इंजिनाकडे जातं. जड पाण्याचा खार त्या नळ्यांत धरतो, बंबाच्या तळाशी धरतो तसा. जड पाण्यात डाळ शिजत नाही, म्हणून डाळ ही पाण्याची परीक्षा होती.

गोष्ट साठ सालाच्या आसपासची. मी यवतमाळहून एका दैनिकाला बातम्या पाठवत असे. गाडी वडिलांची, जुनी. त्या मे महिन्यात माझ्या पत्नीच्या धाकट्या बहिणीचं ढाणकीला लग्न झालं. आई लवकर गेल्यामुळे त्या मुलीला पत्नीनंच वाढवलं होतं. पण माझ्या आईच्या आजारपणात तिला लग्नाला जाता आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पाठवणी होती, आणि सासर जबलपूर. निदान पाठवणी तरी गाठायची म्हणून आम्ही सकाळी निघालो. ड्रायव्हर चाकांची हवा बघत होता. त्यानं विचारलं, "साहेब, पाणी पाह्यलं?" मी हो म्हणालो. पाहिलं नव्हतं.

आर्णीच्या पुढे एका चढावर रेडिएटरच्या झाकणातून वाफ निघाली. ड्रायव्हरनं गाडी वळवली, यवतमाळकडे तोंड करून उभी केली आणि बॉनेट उघडलं.

"माघारी काहून वळवली?" पत्नीनं विचारलं.

"वारा तिकडून हाये, वयनी. जाळीतून वारा शिरन त लवकर निवन."

"विहीर समोर हाये. आणा न पाणी."

"तिच्यात डाळ शिजत नाही म्हन्ते. गावातून आनतो."

"इंजिनाले वरण वाढता काय?"

तो हसला आणि डबा घेऊन गेला. परत आला तेव्हा डबा भरलेला होता, पण त्यानं पाणी ओतलं नाही. झाकणावर हात ठेवायचा आणि लगेच काढायचा. आम्ही बाभळीखाली उभे राहिलो.

ढाणकीच्या बाजूनं एक बस आली. टपावर नव्या गाद्या होत्या आणि त्यांच्या मधोमध निळी पत्र्याची पेटी. ती पेटी पत्नीनंच बहिणीसाठी रंगवून घेतली होती. बस आमच्या शेजारून गेली. बहुतेक खिडक्यांत अनोळखी माणसं होती. मागच्या एका खिडकीत हिरव्या बांगड्यांचा हात होता. पत्नीनं हात वर केला, तोवर धूळ आली. ऊन चढण्याआधी प्रवास उरकावा म्हणून वऱ्हाड सकाळीच निघालं होतं, हे आम्हाला नंतर कळलं.

"चला मागं," पत्नी म्हणाली.

"आता थंडं पानी वतलं त इंजिनाचा ब्लॉक तडकन, वयनी. मंग बसही नाही अन् गाडीही नाही."

"किती वेळ?"

"झाकनावर हात टिकू द्या."

तिनं स्वतःच हात ठेवला. पोळला, काढला, पुन्हा ठेवला. तिचा हात टिकला तेव्हा ड्रायव्हरनं झाकण उघडलं आणि पाणी थोडं थोडं ओतलं. आर्णीच्या चहावाल्यानं सांगितलं की बस थांबलीच नाही. यवतमाळच्या स्टँडवरूनही ती नागपूरकडे निघून गेली होती.

त्या रात्री आणि नंतरही कितीदा पत्नी मला विचारायची, "तिनं पाह्यलं असन का मले?" वर्षभरानं बहीण माहेरपणाला आली. येताजाता आमच्याकडे चार दिवस राहिली. दोघी अंगणात बसून पापड लाटत, सासरच्या माणसांच्या नकला करून हसत. पत्नीनं तिला तो प्रश्न कधीच विचारला नाही. लोकांना प्रश्न विचारणं हे माझं काम होतं. मीही विचारला नाही. आता दोघी नाहीत.