डिमसमवर तूप

आमच्या चिरंजीवांनी त्या दुपारची जी हकिकत सोसायटीभर पसरवली आहे, ती मला साफ अमान्य आहे. त्यांच्या म्हणण्यानुसार मी वाकडच्या एका हॉटेलात साजूक तुपासाठी तमाशा केला, एका परक्या बाईशी मोठमोठ्याने भांडलो आणि ती शेवटी रागाने निघून गेली. मुळात चिरंजीव शेजारच्या टेबलावर आमच्याकडे पाठ करून बसले होते. ऑनलाइन ओळखीचा माणूस हमखास लुबाडतो, अशी त्यांची खात्री असल्यामुळे ते माझ्या राखणीला आले होते. ज्याने चेहरे पाहिले नाहीत, त्याने साक्ष देऊ नये.

गच्चीवर भाज्या लावणाऱ्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. कढीपत्त्याच्या कुंडीत आंबट ताक घातले की पाला तरारून येतो, असे मी तिथे लिहिले. त्यावर फोटोऐवजी वांग्याचे चित्र लावलेल्या एका सदस्याने उत्तर दिले, ‘ताक प्यायचे असते. कुंडीत ओतू नका.’ त्या दिवसापासून युद्ध पेटले. राख, शेणखत, मिरचीवरची कीड, एकही विषय आम्ही सोडला नाही.

मला ते युद्ध का हवे होते, तेही सांगतो. मी एका कारखान्यात, पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपचा फोरमन होतो. यंत्रांच्या धडधडाटावर आवाज चढवून वाद घालण्यात माझी हयात गेली. आता घरात मी काहीही बोललो, तरी “हो बाबा” एवढेच ऐकू येते. सून म्हणते, नातू म्हणतो, चिरंजीव तर मोबाइलवरून नजरही न उचलता म्हणतात. “हो बाबा” म्हणजे तोंडावर दार लावून घेणे. ते वांगे मला कधीही “हो” म्हणाले नव्हते.

शेवटी तिकडूनच निरोप आला, ‘गुरुवारी कंपनीला सुट्टी आहे. डिमसम खात समोरासमोर बोलू. शाकाहारी मिळतात.’ आमच्या या पट्ट्यात बहुतेक कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे माणूस आपल्यातला आहे हे मी तेव्हाच ओळखले. चिरंजीव म्हणतात की त्या सकाळी मी लहान मुलासारखा घरभर नाचत होतो. मी नाचत नव्हतो. मी माझे मुद्दे मोठ्याने म्हणून पाहत होतो, आणि मुद्दे म्हणताना मला येरझारा घालाव्या लागतात. दोनदा सदरा बदलला, हे मात्र खरे.

वांग्यामागे माझ्याच वयाचा कोणी खवचट गृहस्थ असेल, अशी माझी कल्पना होती. हेल्मेट काखोटीला मारून आली ती चाळिशीची एक बाई. चाकणजवळच्या गावची; गाड्यांचे सुटे भाग तपासण्याच्या खात्यात नोकरीला. तिने माझे पांढरे केस पाहिले आणि भर हॉटेलात वाकून ती माझ्या पाया पडली.

“काका, तुम्ही? मला वाटलं, माझ्याच वयाचा कोणी तापट माणूस असेल. काय काय लिहिलं मी तुम्हाला! माफ करा हं.”

“माफी कसली? ताकाचं बोला.”

“तुम्ही म्हणाल तसं, काका. तुमचा अनुभव मोठा.”

मी राखेचा विषय काढला. “बरोबर असेल तुमचं,” ती म्हणाली. अखेर मी मुद्दाम धडधडीत खोटे बोललो, “तुळस गर्द सावलीतच चांगली वाढते.” तिने त्यालाही मान डोलावली. एका नमस्कारात माझा एकुलता एक प्रतिस्पर्धी गेला होता आणि त्याच्या जागी आणखी एक “हो बाबा” येऊन बसली होती.

इतक्यात डिमसमच्या बांबूच्या टोपल्या आल्या. वेटरने झाकण उचलले, वाफ वर गेली आणि मी बघतच राहिलो. पातळ, अर्धपारदर्शक पारी, तिला नाजूक कळ्या, आतला हिरवा रंग बाहेर डोकावणारा. मी मूळचा कोकणातला. वाफेवर शिजलेल्या पारीचे काय करायचे, हे मला कोणी शिकवण्याची गरज नाही. मी काट्याने एकाचा शेंडा फोडला आणि वेटरला म्हणालो, “साजूक तूप आणा.”

“सर, सॉय सॉस है, चिली ऑइल है.”

“त्याने काय होतं? उकडीवर तूपच लागतं.”

समोरची बाई त्या फुटक्या डिमसमकडे पाहत होती. आतला रस टोपलीत चालला होता. तिचे ओठ आवळले गेले, मग सुटले.

“न्हाई काका.”

“काय म्हणालात?”

“तूप न्हाई घालायचं! आन् फोडलात कशाला? रस गेला ना सगळा! अख्खा तोंडात टाकायचा असतो.”

“मोदक फोडूनच खातात.”

“ह्यो मोदक हाय व्हय? आत मशरूम हाय, गूळ-खोबरं न्हाई. आन् तुळस सावलीत? कुणाला सांगताय! ताकानं कुंडीत मुंग्या होत्यात, मी सोता बघितल्यात!”

मी टेबलावर थाप मारली, हे कबूल आहे. चिरंजीवांना तो संताप वाटला. तो आनंद होता. त्यानंतर टोपलीमागून टोपली येत राहिली आणि आम्ही एकमेकांना एकही वाक्य पुरे करू दिले नाही. वेटरने तुपाऐवजी बटरची वडी आणून दिली. मी ती लावून खाल्ले, तिने नाक मुरडले आणि थोड्या वेळाने स्वतःच एकाला लावून पाहिले. “वाईट न्हाई,” ती पुटपुटली. हे वाक्य चिरंजीवांच्या हकिकतीत नाही, कारण ते फक्त मला ऐकू आले.

निघताना दारात ती पुन्हा वाकू लागली. मी पाय मागे घेतले.

“आधी ताकाचं कबूल करा. मग पाया पडा.”

ती ताठ उभी राहिली. डोक्यावर हेल्मेट चढवले.

“मग ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली आणि मागे वळूनही न बघता गाडीकडे गेली.